काळ्या मातीच्या गावात पावसाचे पाणी: नागपूर जिल्ह्यातील एक प्रकरण

पार्श्वभूमी

नागपूर जिल्ह्याच्या पश्चिम भागात, बेसाल्टच्या एका बुटक्या टेकडीच्या उतारावर सुमारे दोनशे घरांचे एक गाव आहे. येथे गावाचे किंवा कोणाही व्यक्तीचे नाव दिलेले नाही, कारण या प्रकरणात एका शेतकऱ्याशी झालेला वाद आहे आणि तो आता मिटला आहे. प्रस्तुत लेखक या कामात तांत्रिक सल्लागार म्हणून सहभागी होता.

गावाची रचना समजली की पुढचे सर्व प्रश्न समजतात. वरच्या बाजूला बरड जमिनीची टेकडी आहे; तिच्यावर मातीचा थर वीतभर आणि त्याखाली मुरूम. मधल्या उतारावर गावठाण. खालच्या बाजूला मुख्यतः भूमिहीन मजुरांची घरे असलेला मोहल्ला, त्याच्यापुढे खोल काळ्या मातीची वावरे आणि शेवटी नाला. म्हणजे अर्ध्या किलोमीटरच्या आत जमीन पूर्ण बदलते: वर पाणी सहज पिणारा मुरूम आणि खाली एकदा भिजली की फुगून बंद होणारी चिकण काळी माती.

नागपूर परिसरात वर्षाला सरासरी १,००० ते १,१०० मिलिमीटर पाऊस पडतो आणि पश्चिमेकडील तालुक्यांत पूर्वेकडील तालुक्यांच्या तुलनेत तो काहीसा कमी असतो. त्यातील बहुतेक पाऊस जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत येतो, आणि तोही सारखा न पडता काही मोजक्या जोरदार सरींत. गावाला त्रास या सरींचाच होता.

जुन्या माणसांच्या सांगण्यानुसार पूर्वी पाणी गावातून वाहत असे, पण घरात शिरत नसे. मधल्या काळात तीन गोष्टी झाल्या. कवेलूच्या छपरांच्या जागी स्लॅब आणि टिनपत्रे आली, शेणाने सारवलेली अंगणे फरशीची किंवा काँक्रीटची झाली आणि गल्ल्यांमध्ये सिमेंटचे रस्ते आले. रस्ता खराब झाला की जुना न उखडता त्यावरच नवा थर घातला गेला, त्यामुळे रस्त्याची पातळी खालच्या मोहल्ल्यातील कित्येक घरांच्या जोत्यापेक्षा वर गेली. शाळेजवळचे डबके, म्हणजे मातीच्या घरांसाठी पिढ्यानपिढ्या माती काढल्याने झालेला मोठा खड्डा, कचरा आणि बांधकामाच्या मलब्याने बुजत गेले. पावसाचे पाणी थांबण्याची गावातील एकमेव जागा तीच होती.

अडचण

२०२१ आणि २०२२ या दोन पावसाळ्यांत खालच्या मोहल्ल्यात वारंवार पाणी शिरले. सार्वजनिक विहिरीचे पाणी प्रत्येक मोठ्या सरीनंतर गढूळ होत असे आणि त्यात गटाराचे सांडपाणी मिसळत असल्याची तक्रार होती. तिसरी अडचण गावाबाहेरची होती. गावातले सर्व पाणी एका मोरीतून खालच्या शेतकऱ्याच्या वावरात उतरत असे आणि तेथून नाल्याला मिळत असे. पाण्याबरोबर प्लास्टिक आणि गाळ येऊन त्याच्या सोयाबीनचा एक पट्टा दरवर्षी वाया जाई. अखेर त्याने मोरीच्या तोंडाशी मुरूम टाकून ती बंद केली. पाणी मागे तुंबले आणि मोहल्ल्यातील घरांत शिरले.

गावातील पहिली प्रतिक्रिया त्या शेतकऱ्याविरुद्ध तक्रार करण्याची होती. सरपंचताईंनी ती थांबवली. त्यांचे म्हणणे असे होते की त्याने मोरी उघडली तरी पाणी तेवढेच राहणार आहे आणि नुकसान फक्त एका दारातून दुसऱ्या दारात जाणार आहे. या प्रकरणातला हा पहिला आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाचा निर्णय होता, कारण त्यामुळे चर्चा मोरीवरून पाण्याच्या प्रमाणाकडे वळली.

पाणी किती?

अंदाज काढण्यासाठी कोणतेही यंत्र लागले नाही. एक हेक्टर जागेवर १० मिलिमीटर पाऊस पडला तर तेथे १ लाख लिटर पाणी जमा होते. टेकडीचा गावाकडे उतरणारा भाग सुमारे ८ हेक्टर आणि गावठाण सुमारे ४ हेक्टर होते. ५० मिलिमीटरची एक सर धरली आणि गावठाणातील ७० टक्के, तर टेकडीवरील ४० टक्के पाणी वाहून येते असे मानले, तर गावठाणातून १४ लाख आणि टेकडीवरून १६ लाख, असे एकूण ३० लाख लिटर पाणी त्या मोरीकडे धावते.

हा हिशेब ग्रामसभेत फळ्यावर मांडला गेला. त्याचा उपयोग असा झाला की शोषखड्ड्यांविषयीचा गैरसमज लगेच दूर झाला. नांदेड जिल्ह्यातील शोषखड्ड्यांचे यश सर्वांनी ऐकले होते आणि घरोघरी शोषखड्डे केले की प्रश्न सुटेल, असे अनेकांना वाटत होते. चार फूट लांबी, रुंदी व खोलीच्या, दगडांनी भरलेल्या खड्ड्यात एका वेळी जेमतेम ७०० लिटर पाणी मावते. १०० चौरस मीटर छपरावरून ५० मिलिमीटर पावसात ४,००० लिटरांहून अधिक पाणी उतरते. घरातील रोजच्या सांडपाण्यासाठी शोषखड्डा उत्तम आहे, परंतु छपराचे पाणी त्यात सोडले तर तो पहिल्याच सरीत भरून वाहतो आणि सांडपाणी रस्त्यावर येते. म्हणून या दोन पाण्यांचे मार्ग वेगळे ठेवायचे, असे सुरुवातीलाच ठरले.

विचारात घेतलेले पर्याय

पहिला पर्याय मुख्य गल्लीतून नाल्यापर्यंत बंद काँक्रीट गटाराचा होता. अंदाजपत्रक तयार करणे, तांत्रिक मान्यता मिळवणे आणि मोजमाप पुस्तिकेत नोंद करणे या सर्व दृष्टींनी तो सोपा होता. त्याचा दोष असा की तो पाणी कमी करत नाही, फक्त वेगाने खाली पोहोचवतो. वरच्या आळीची सोय झाली असती आणि खालच्या मोहल्ल्याचा व शेतकऱ्याचा त्रास वाढला असता. शिवाय टेकडीवरून गाळ येत असताना बंद गटार दोन पावसाळ्यांत भरते आणि ते उपसण्यासाठी झाकणे काढावी लागतात, जे प्रत्यक्षात क्वचितच होते.

टेकडीच्या पायथ्याशी वळण चर खोदून सगळे पाणी गावाबाहेरून नाल्यात नेण्याच्या पर्यायासाठी दोन खासगी वावरांतून जागा लागत होती आणि ती मिळाली नाही. त्यावर फार वेळ गेला नाही.

तिसरा पर्याय म्हणजे पाणी जेथे पडते तेथून टप्प्याटप्प्याने अडवणे, म्हणजेच ज्याला आता हरित पायाभूत सुविधा म्हटले जाते ती साखळी: टेकडीवर सलग समतल चर (उताराला आडवे, एकाच पातळीत खोदलेले) आणि गवत, छपरांचे पाणी मुरुमात, रस्त्याच्या कडेला गवती चर, डबक्याचे पुनरुज्जीवन आणि शेवटी ठरलेल्या जागेवरून नाल्याकडे सुरक्षित वाट. या पर्यायाची अडचण पैशांची कमी आणि कागदाची अधिक होती. सरकारी कामांच्या दरसूचीत काँक्रीटला दर आहे, परंतु गवत लावलेल्या उथळ चराला स्वतंत्र बाब नाही. शाखा अभियंत्यांनी मनापासून मदत केली आणि कामाचे तुकडे पाडले: खोदकाम वेगळे, दगडी पिचिंग वेगळे, लागवड वेगळी. पंधराव्या वित्त आयोगाच्या ग्रामपंचायत निधीपैकी ६० टक्के निधी तेव्हा बंधित, म्हणजे ठरावीक कामांसाठीच, होता. त्यातील निम्मा स्वच्छतेसाठी आणि निम्मा पिण्याचे पाणी, पावसाच्या पाण्याची साठवण व पुनर्वापर यांसाठी वापरायचा होता. डबके आणि छपरांचे पाणी दुसऱ्या निम्म्यात बसले. टेकडीवरील चर आणि घरगुती शोषखड्डे रोजगार हमीतून घेतले गेले, कारण त्यांत मजुरीचा वाटा मोठा होता.

चाचणीचा निर्णय

पाणी कोठे मुरते हे पाहण्यासाठी मे २०२२ मध्ये गावात आठ ठिकाणी दोन फूट खोल खड्डे घेऊन त्यांत पाणी ओतण्यात आले. निकाल आश्चर्यकारक होता: वरच्या मुरुमातही आणि खालच्या काळ्या मातीतही पाणी काही मिनिटांत नाहीसे झाले. या आधारावर खालच्या मोहल्ल्यात मोठे शोषचर घ्यावेत, असा प्रस्ताव पुढे आला आणि निधी मार्चपूर्वी खर्च व्हावा म्हणून तो लगेच मंजूर करावा, असा आग्रहही झाला.

त्या सभेत एका वृद्ध शेतकरी बाईंनी हरकत घेतली. उन्हाळ्यात काळ्या वावराला हात जाईल एवढ्या भेगा पडतात, त्यांत टँकरही रिकामा होईल, पण पोळ्याच्या सुमारास त्याच वावरात पाय रुततो आणि पाणी वरच उभे राहते, हे त्यांनी साध्या शब्दांत सांगितले. शास्त्रीयदृष्ट्या त्यांचे म्हणणे पूर्णपणे बरोबर होते. या मातीतील चिकण खनिजे ओलाव्याने फुगतात, भेगा मिटतात आणि पाणी मुरण्याचा वेग तासाला काही मिलिमीटरवर किंवा त्याहूनही खाली येतो. मे महिन्यातील चाचणी भेगा मोजते, आणि पूर तर भेगा मिटल्यानंतर येतो.

ऑगस्टमध्ये त्याच आठ जागी चाचणी पुन्हा घेतली. वरच्या पाच खड्ड्यांतील पाणी तासाभरात उतरले. काळ्या मातीतील तीन खड्ड्यांत ते दुसऱ्या दिवशीही होते.

वर्षभर थांबायचे की नाही, यावर मध्यम मार्ग निघाला. मुरुमाच्या पट्ट्यातील कामे त्याच वर्षी सुरू झाली आणि काळ्या मातीत पाणी मुरवण्याची सर्व कामे रद्द झाली. तेथे पाणी मुरवायचे नाही, तर थोपवून हळूहळू सोडायचे, हे तत्त्व ठरले. नागपुरात माती आणि पर्यावरण या दोन्ही विषयांच्या राष्ट्रीय संस्था आहेत, तरीही आसपासच्या गावांत ही एक साधी पावसाळी चाचणी न करता शोषखड्डे घेतले जातात, याची मला मनापासून खंत वाटते.

शेतकऱ्याशी समझोता

मोरी बंद करणाऱ्या शेतकऱ्याला भेटायला सरपंचताई, ग्रामसेवक आणि मोहल्ल्यातील दोघे जण गेले. त्याची मागणी पैशांची नव्हती. पाणी येणारच असेल तर ते एकाच ठरलेल्या जागेवरून यावे, त्यात प्लास्टिक नसावे आणि दरवर्षी नवी वाट पाडू नये, एवढेच त्याचे म्हणणे होते. त्याने धुऱ्यालगतची एक अरुंद पट्टी गवती चरासाठी दिली. बदल्यात डबक्यातून निघणारा, कचरा वेगळा केलेला गाळ त्याच्या बरड तुकड्यावर टाकून देण्याचे ठरले, आणि मोरीच्या तोंडाशी लोखंडी जाळी बसवून ती साफ करण्याची जबाबदारी ग्रामपंचायतीने घेतली. हे सर्व ग्रामसभेच्या ठरावात लिहिले गेले. तोंडी बोलणे पुढच्या निवडणुकीपर्यंतच टिकते, हे दोन्ही बाजूंना ठाऊक होते.

प्रत्यक्ष कामे

टेकडीच्या सार्वजनिक भागावर सुमारे २,००० मीटर लांबीचे, ६० सेंटिमीटर रुंद व ३० सेंटिमीटर खोल सलग समतल चर खोदले गेले. त्यांत एका वेळी सुमारे ३.६ लाख लिटर पाणी थांबते. ओहोळात अनघड दगडी बांध घातले. चरांच्या भरावावर मारवेल आणि पवन्या गवत लावले, आणि पहिल्या वर्षी तेथे शेळ्या नेण्यास बंदी केली. ती जेमतेम पाळली गेली.

शाळा आणि वरच्या आळीतील काही घरांचे पन्हाळीचे पाणी वाळू-गिट्टीच्या गाळणीतून, मुरुमाच्या पट्ट्यातील एका वापरात नसलेल्या विहिरीत सोडले. शाळेच्या ३०० चौरस मीटर छपरावरून पावसाळ्यात साधारण सव्वादोन लाख लिटर पाणी मिळते. पहिल्या एक-दोन सरींचे पाणी बाहेर सोडण्याची सोय ठेवली. रस्त्यावरचे पाणीही याच विहिरीत घ्यावे, अशी सूचना आली होती, परंतु रस्त्यावर शेण, तेल आणि सांडपाणी असते आणि विहिरीत गेलेली घाण थेट भूजलात जाते, म्हणून ती नाकारली.

मुख्य गल्लीच्या एका बाजूला, जेथे जागा होती तेथे, मीटरभर रुंदीचा गवती चर आणि त्यात ठराविक अंतरावर गाळ बसण्यासाठी छोटे खड्डे केले. शाळेच्या अंगणात काँक्रीटऐवजी गट्टू बसवले आणि त्यांच्या सांध्यांत सिमेंट न भरता बारीक खडी भरली.

सर्वांत मोठे काम डबक्याचे होते. मलबा काढून ते साधारण ४० मीटर लांब, २५ मीटर रुंद आणि सरासरी एक मीटर खोल केले, म्हणजे त्यात १० लाख लिटर पाणी मावते. मुले पडू नयेत म्हणून काठ उथळ उताराचे ठेवले. काठावर वाळा लावला, कारण त्याची मुळे खोल जातात आणि जून झालेली पाने गुरे फारशी खात नाहीत. नागपूरच्या उन्हाळ्यात वाळ्याच्या मुळांना चांगला भाव असतो, त्यामुळे मुळे उपटण्यास मनाई करणारा वेगळा ठराव घ्यावा लागला. तळाशी झडप असलेला पाइप आणि वरच्या बाजूला दगडी सांडवा बांधला. झडप पावसाळाभर उघडी ठेवून डबके प्रत्येक सरीनंतर एका दिवसात रिकामे व्हावे आणि सप्टेंबर अखेरीस ती बंद करून शेवटचे पाणी गुरांसाठी साठवावे, अशी योजना होती.

परिणाम

२०२३ च्या पावसाळ्यात पहिल्या दोन महिन्यांत खालच्या मोहल्ल्यात पाणी शिरले नाही. सार्वजनिक विहिरीचे पाणी मोठ्या सरीनंतर गढूळ होत राहिले, परंतु लवकर निवळू लागले. शेतकऱ्याच्या वावरात जाणारे प्लास्टिक जाळीशी अडले आणि ते बचत गटाच्या महिलांनी नियमित काढले.

सप्टेंबरच्या मध्यावर पोळा होता. बैल धुण्यासाठी गावातच पाणी हवे म्हणून कोणीतरी झडप बंद केली आणि डबके काठोकाठ भरले. त्यानंतर ते रिकामे करण्यात आले नाही. सप्टेंबरच्या उत्तरार्धात जोराचा पाऊस आला. याच दिवसांत, २३ सप्टेंबरच्या पहाटे, नागपूर शहरात अंबाझरी तलाव ओसंडून वस्त्यांत पाणी शिरले होते. गावात डबके आधीच भरलेले असल्याने नवे पाणी सांडव्यावरून वाहिले. सांडवा टिकला, पण मोहल्ल्याच्या गल्लीत घोटाभर पाणी आले.

झडप कोणी बंद केली याचा शोध घेण्यात सभेचा बराच वेळ गेला असता, पण खरा प्रश्न वेगळा होता. डबक्याकडून गाव दोन परस्परविरोधी अपेक्षा ठेवत होते: पुरासाठी ते रिकामे हवे होते आणि गुरांसाठी भरलेले. ही ओढाताण झडप उघडझाप करणाऱ्या एका माणसावर सोडणे धोक्याचे होते. म्हणून झडप काढून टाकली आणि तळापासून एक तृतीयांश उंचीवर कायम उघडा पाइप बसवला. त्याखालचे पाणी गुरांसाठी राहते, त्यावरचे आपोआप निघून जाते. पुरासाठीची क्षमता त्यामुळे सुमारे ७ लाख लिटरांवर आली. खाली कायम राहणाऱ्या पाण्यात डास होऊ नयेत म्हणून गप्पी मासे सोडले.

चर आणि डबके मिळून आता ३० लाखांपैकी साधारण ११ लाख लिटर पाणी अडते. उरलेले पाणी वाहणारच आहे, आणि त्याला ठरलेली वाट असणे हा या कामाचा तितकाच महत्त्वाचा भाग आहे. ढगफुटीसारख्या पावसात ही रचना गावाला पूर्ण वाचवू शकत नाही, हे ग्रामसभेच्या कार्यवृत्तात स्पष्ट नोंदवले आहे.

वेगळे काय करता आले असते

कामापूर्वी पाण्याच्या उंचीची नोंद नव्हती. मोहल्ल्यातील भिंतींवर आणि विजेच्या खांबांवर रंगाने खुणा करून तारीख लिहिण्याची पद्धत २०२३ मध्ये सुरू झाली. ती दोन वर्षे आधी सुरू झाली असती तर सुधारणा किती झाली हे आज आठवणींवर अवलंबून न राहता सांगता आले असते. महसूल मंडळाच्या पर्जन्यमापकाची नोंद मिळते, परंतु ते केंद्र दूर आहे आणि एकाच दिवशी दोन गावांत निरनिराळा पाऊस पडतो. गावात एक साधा पर्जन्यमापक शाळेच्या मुलांकडे सोपवता आला असता.

देखभालीसाठी पहिल्या अंदाजपत्रकात तरतूद नव्हती. गवती चरात गाजर गवत आणि बेशरम माजले, गाळाचे खड्डे भरले आणि मृगापूर्वी ते साफ करण्याचा खर्च दुसऱ्या वर्षी ग्रामपंचायतीच्या स्वनिधीतून करावा लागला. काँक्रीटच्या गटारालाही देखभाल लागते, पण तिची कमतरता काही वर्षे दिसत नाही. गवताची पहिल्याच पावसाळ्यात दिसते.

सर्वांत गंभीर बाब रस्त्याची आहे. दुसऱ्या योजनेतून मुख्य गल्लीचा एक तुकडा नव्याने झाला, आणि पुन्हा जुन्या रस्त्यावरच थर घातला गेला. त्या तुकड्यातील गवती चराची तोंडे रस्त्याखाली दबली आणि पाणी पुन्हा गल्लीतून वाहू लागले. काठ फोडून तोंडे मोकळी करावी लागली. रस्त्याची वरची पातळी जोत्याखालीच राहील आणि नवा थर घालण्यापूर्वी जुना उखडला जाईल, असा ठराव गावाने सर्वप्रथम घ्यायला हवा होता. तो आता घेतला आहे, आणि गावात काम करणाऱ्या प्रत्येक यंत्रणेला त्याची प्रत दिली जाते.

मोहल्ल्यातील तीन घरांची जोती आजही रस्त्यापेक्षा खाली आहेत. वर कितीही पाणी अडवले तरी त्या घरांसमोरच्या रस्त्यावर पडणारे पाणीच त्यांच्या दारात उतरते. त्यांचे जोते घरकुल योजनेतून उचलायचे की तेवढ्या लांबीचा रस्ता खोदून खाली घ्यायचा, हे दोन प्रस्ताव ग्रामसभेपुढे आहेत. रस्ता खाली घेण्याचा खर्च कमी आहे आणि त्या कुटुंबांना घर सोडून दुसरीकडे राहावे लागत नाही, म्हणून तोच स्वीकारावा, अशी शिफारस करण्यात आली आहे.